ताईचा ‘द’

१२ फेब्रुवारी

आजपासून नवं काम. यंत्राची परीक्षा घ्यायची आणि परीक्षक मी. म्हणजे मी आणि पेन्सिल. सगळं काम पडद्यावर असताना जो माणूस दिवसभर कानावर पेन्सिल अडकवून बसतो, त्याला दुसरं काय म्हणणार?

यंत्र आपलं बोलणं ऐकून लिहून काढतं, यात आता कोणाला नवल वाटत नाही. पण आमचं यंत्र थेट अक्षरावर उडी मारत नाही. आधी आवाजाचे गुण ओळखतं. ओठ मिटले का, घसा थरथरला का, श्वास जोराने बाहेर पडला का, हवा नाकातून गेली का. पडद्यावर प्रत्येक गुणाची एक पट्टी असते आणि गुण सापडला की ती उजळते. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून तेच आवाज कानांनी ऐकायचे, आपापल्या खुणा करायच्या आणि मग त्या यंत्राच्या पट्ट्यांशी ताडून बघायच्या. मोठ्या बाईंनी सकाळीच बजावलं की यंत्र एक म्हणत असेल आणि कान दुसरं, तर कानाचं खरं धरायचं. मला हे फार आवडलं. माझा कान तिखट आहे असं घरात सगळे म्हणायचे, पण आजवर त्याचा उपयोग फक्त शेजाऱ्यांची भांडणं ऐकायला झाला होता.

संध्याकाळी ताईला सांगितलं. ती म्हणाली, “कान तिखट, जीभ त्याहून तिखट. बिचारं यंत्र.”

१५ फेब्रुवारी

आवाज कमी पडतायत म्हणून प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं ठरलं. माझ्या घरी माणूस एकच. आई गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. ताई पोहायला शिकवते, त्यामुळे तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर जातो. आमच्या बंद खोलीत तो मावेना. आवाज टिपणाऱ्या मुलीने दोनदा काटा खाली केला.

शब्दांच्या जोड्या वाचायच्या होत्या. बाळ, माळ. बोट, मोट. दार, नार. दे, ने. यातली गंमत अशी की ब आणि म म्हणताना ओठ अगदी सारखेच मिटतात. द आणि न म्हणताना जीभ एकाच जागी टेकते. फरक फक्त नाकाचा. म आणि न म्हणताना हवा नाकातून जाते. ब आणि द म्हणताना घशामागचा मऊ पडदा वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. हे मी ताईला समजावून सांगितलं तर म्हणाली, पोरांना मी वेगळं काय सांगते? नाक धर आणि उडी मार.

मध्ये पाणी प्यायली आणि तिला जोरात ठसका लागला. हल्ली फार लागतो. बोलत बोलत पाणी पिण्याची सवय काही सुटत नाही तिची. तिचा नंबर एकोणीस.

२ मार्च

यंत्र नापास! निदान एकोणीस नंबरच्या बाबतीत तरी. ताईच्या जवळजवळ प्रत्येक ब, द आणि ग खाली नाकाची पट्टी ढणढणीत उजळलेली. बाळ म्हटलं तरी उजळते, माळ म्हटलं तरी उजळते. बाकीच्यांच्या बाबतीत असं काहीच नाही. मी सगळीकडे ‘नाही’ची खूण केली आणि शेरा लिहिला की नाकाची पट्टी भरवशाची नाही.

संध्याकाळी खुणा ताडायला बसलो तर पेन्सिलने यंत्रासारख्याच खुणा केलेल्या. मी म्हटलं, तुला सर्दी झालीय. तो म्हणाला, सर्दी नाकाला होते, कानाला नाही. मी म्हटलं, जिच्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले, तिचा ब मला ऐकू येणार नाही का? त्यावर तो कानावरची पेन्सिल काढून नुसता तिच्याकडे बघत बसला. असा राग आला मला.

५ मार्च

ताई तलावावरून हसत आली. एका पोरीला ओरडून म्हणाली, बाहेर ये. पोरगी पाण्यातच उभी राहिली आणि घरी जाऊन तिने आईला सांगितलं की ताई मला माहेर ये म्हणतात. तिची आई विचारायला आली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तलावावर आवाज घुमतो, त्यामुळे असं होत असणार. ताईला तसं सांगितलं. ती म्हणाली, “वीस वर्षं घुमतोय, आजच का?” मग भात कालवायला लागली. हल्ली फार हळू जेवते.

९ मार्च

आज मोठ्या बाईंनी निकाल लावला. अशा वेळी एक पद्धत असते. आवाज शब्दातून कापून काढायचा, मागचं पुढचं काही ठेवायचं नाही, आणि वेगवेगळ्या माणसांचे असे तुकडे एकत्र मिसळून ऐकायचे. कोणाचा आवाज आणि कोणत्या शब्दातला, कळायला मार्ग नाही. कळलं की कान ऐकायचं सोडून आठवायला लागतो, असं बाई म्हणतात.

मी झपाझप खुणा केल्या. झाल्यावर बाईंनी कागद पुढे केला. ताईचे ब मी स्वतःच्या हाताने म म्हणून नोंदवले होते. द सगळे न.

पेन्सिल खोलीत होता, पण खिडकीबाहेर बघत राहिला. त्याने एवढं केलं ते बरं झालं. बाईंनी दार लावून घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, ताईंना गिळायला त्रास होतो का? मी नाही म्हटलं. मग मला तो ठसका आठवला.

२३ मार्च

आधी नाक-घशाचे डॉक्टर, मग नसांचे. पहिल्यांनी ताईला आ करायला लावलं आणि मला बोलावून दाखवलं. आ म्हटल्यावर मागचा पडदा वर जायला हवा. तो जरासा हलला आणि लोंबकळत राहिला. दुसऱ्यांनी जीभ तपासली, सुया टोचून स्नायू तपासले आणि शेवटी आम्हाला दोघींना समोर बसवलं. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतात म्हणे. ताईची सुरुवात घशापासून झाली. पुढे हात, मग श्वास. औषध नाही, किती वेळ ते सांगता येत नाही.

ताईने एकच प्रश्न विचारला, पोहता येईल का? डॉक्टर म्हणाले, कोणीतरी बरोबर असेल तर, आणि थोडेच दिवस.

घरी येताना ती म्हणाली, “तुझ्या यंत्राला आपल्या आधी कळलं.” मी म्हटलं, जाऊ दे ते मसणात. आणि भर रस्त्यात रडले. तिने मला बाकावर बसवलं आणि शेजारी बसून वाट बघितली, पोरं पाण्याला घाबरून रडतात तेव्हा बघते तशी.

१ एप्रिल

ताईने तलाव सोडला. शिट्टी मला दिली. मी काय करू शिट्टीचं?

आज जेवण झाल्यावर म्हणाली, एक सांगून ठेवते. शेवटी मला दवाखान्यात ठेवू नकोस. घरी ने. मी हो म्हटलं. अशा वेळी कोण नाही म्हणेल?

१९ एप्रिल

नवा शोध, आणि तो ताईचा. नाक चिमटीत धरून बोललं की हवेची वाट बंद होते आणि ब पुन्हा ब होतो, द पुन्हा द होतो. पडद्याचं काम बोटांनी करायचं. मी कपाळावर हात मारला. ज्या बाईने अर्ध्या गावाच्या पोरांना नाक धरायला शिकवलं तिला हे सुचणारच, मीच मागे राहिले. आख्ख्या वाक्यात असं धर-सोड करता येत नाही, पण महत्त्वाच्या शब्दाला येतं. “बरं” म्हणायचं असलं की नाक धरते. नाहीतर मरं ऐकू येतं, म्हणते.

पेन्सिलला सांगितलं. तो हसला आणि मग म्हणाला, त्यांचा नाक धरलेला आवाजही टिपून ठेव. आता तो ताईची चौकशी रोज करतो. मी त्या दिवशी त्याला सर्दी झालीय म्हटलं होतं ते त्याने मनात ठेवलेलं नाही. मी ठेवलंय.

१४ मे

मोठ्या बाईंनी परवानगी दिली. आमचंच यंत्र एका हातात मावणाऱ्या पाटीत घालून ताईसाठी तयार करतेय. ती बोलली की पाटीवर अक्षरं उमटायला हवीत, म्हणजे दुकानात, डॉक्टरांकडे मला मध्ये पडावं लागणार नाही. अडचण तीच, नाकाची पट्टी सतत उजळलेली. तेव्हा मी यंत्राला शिकवतेय की ताईच्या बाबतीत या पट्टीकडे लक्ष देऊ नकोस. माळ झोपलं ऐकू आलं तर बाळ झोपलं लिही.

सुट्ट्या शब्दांना मागचं पुढचं काही नसतं, तिथे मी हाताने नियम घातले. ‘ने’ ऐकू आलं तर दरवेळी ‘दे’ लिही. आजारी माणूस दिवसभर काय म्हणतं? पाणी दे, उशी दे, चष्मा दे. ने कोणाला म्हणणार?

ताईला दाखवलं. “दे” म्हणाली, दे उमटलं. “ने” म्हणाली, दे उमटलं. मग बराच वेळ लावून, एकेक शब्द सुटा करत तिने विचारलं, आणि मला ने म्हणायचं असलं तर? मी म्हटलं, आपल्या दोघींत ठरलं, नाक धरलंस की दे आणि नाक सोडलंस की ने. पाटी बिचारी आंधळी आहे, पण मला डोळे आहेत ना! तिने लगेच नाक धरलं आणि म्हणाली, “दे टाळी.”

११ जून

उजव्या हाताची बोटं गेली. पेन धरता येत नाही. अक्षरांचा तक्ता आणला, त्यावर डाव्या हाताचं बोट ठेवायचं. तिने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. बालवाडीत घालतेस का मला, असं काहीतरी म्हणाली. पाटीने ‘बालवाडीत’ बरोबर लिहिलं. मला त्याही वेळी आनंद झाला, याची लाज वाटते.

पाण्यात घट्ट करायची पूड घालावी लागते. चमच्याने द्यायचं. ती नाक धरते, दे म्हणते, मी देते. हे सगळं आता आमच्या अंगवळणी पडलंय.

२ जुलै

घास श्वासात गेला. रुग्णवाहिका. छातीत पू धरलाय. जेवणासाठी पोटातून नळी घातली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. तिचा चष्मा घरी राहिला.

९ जुलै

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले की आता दोन्ही रस्ते आहेत. घरी नेता येईल, पण कफ ओढायचं यंत्र, रात्रंदिवस माणूस, आणि तरीही एखाद्या वेळी हाताबाहेर जाऊ शकतं. इथे ठेवलं तर सगळं हाताशी. मी विचारलं, इथे जास्त जगेल का? ते म्हणाले, थोडी. मी ठेवा म्हटलं.

ताई झोपली होती. उठल्यावर सांगीन.

११ जुलै

अजून सांगितलं नाही. आज तिने चपला मागितल्या, म्हणजे पलंगाखाली बघत राहिली. सिस्टर म्हणाल्या, बघा, त्यांना चालायचंय, चांगलं लक्षण आहे. मी चपला काढून पलंगाजवळ ठेवल्या. मग तिने दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, वारा येत होता, म्हणून मी लावून घेतलं.

१३ जुलै

आज वाईट दिवस. सकाळपासून एकच शब्द म्हणत होती. पाटीवर तोच उमटत होता. दे. दे. मी कापूस ओला करून ओठांना लावला. नको. उशी वर केली. नको. चष्मा आता घरून आणलाय, तो घातला. पांघरूण दिलं, काढलं. शिट्टीसुद्धा आणून हातात दिली. काय देऊ, ताई? मान हलवायची आणि पुन्हा तेच. पाटीवरचं अक्षर तिने वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

हात नुसता पांघरुणावर पडला होता. नाक धरायचीही ताकद राहिली नाही तिच्यात.

दुपारी जरा शांत झाली. मी उठून खोली आवरत होते, काय आवरत होते कोणास ठाऊक. तिने डावा हात वर नेला, नाक धरलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, “बस.” म्हणून मी बसले. तिचा हात हातात घेऊन अंधार पडेपर्यंत बसले. त्यानंतर ती काही बोलली नाही.

१७ जुलै

ताई पहाटे गेली. मी जिन्यात होते, चहा आणायला गेले होते.

२ ऑगस्ट

घरात फार आवाज आहेत. फ्रिज, नळ, वरच्यांची खुर्ची. इतके दिवस हे कुठे होते?

पेन्सिल येऊन गेला. जाताना पाटी टेबलावर ठेवून गेला, ती दवाखान्यातच राहिली होती. त्याने ती पुसली होती आणि भरूनही आणली होती.

२० ऑगस्ट

कामावर जायला लागले. परीक्षेचा अहवाल अडकून पडलाय तो एकोणीस नंबरमुळे. मोठ्या बाई म्हणाल्या, हे दुसऱ्या कोणाला देऊ का? मी नको म्हटलं. ताईचं काम दुसरा कोण करणार?

पाटीने टिपलेले आवाजही परीक्षेत घ्यायचे आहेत. मी घातलेले नियम लागण्याआधीचं कच्चं ऐकणंही तिच्यात साठलेलं असतं, सगळ्या पट्ट्यांसकट. मे-जूनचे आवाज आज तपासले. नाक धरून म्हटलेल्या प्रत्येक द खाली नाकाची पट्टी विझलेली आहे, एकही चूक नाही. नाक सोडून म्हटलेल्या प्रत्येक न खाली उजळलेली. “दे टाळी” पण आहे. ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मार्चमध्ये मी हिला भरवशाची नाही म्हटलं होतं. आमच्याकडे हिच्याइतकी भरवशाची पट्टी दुसरी नाही.

२१ ऑगस्ट

आज जुलै.

तेरा तारखेचे आवाज लावले. पाटीने लिहिलंय दे, दे, दे. त्याखाली नाकाची पट्टी पाहिली. उजळलेली. पुढचा, उजळलेली. सकाळपासून दुपारपर्यंत सगळे उजळलेले. मी मनात म्हटलं, त्या दिवशी तिच्यात हात उचलायची ताकद नव्हती, म्हणून नाक धरलं नसेल. मग ‘बस’ आला. पट्टी विझलेली.

घरी येऊन ही वही उघडली आणि त्या दिवशीचं मी लिहिलेलं वाचलं. नाक धरायची ताकद नाही, असं लिहिलंय, आणि चारच ओळी खाली तिने नाक धरलंय. माझ्याच अक्षरात.

चपला. दार. घरी ने.

नाक सोडलं की ने, असं मीच ठरवलं होतं. तिने ते सकाळभर पाळलं. हात मुद्दाम पांघरुणावर ठेवला, म्हणजे मला दिसावं. आणि मी त्या पाटीकडे बघत राहिले, जिला ने लिहू नकोस म्हणून मीच शिकवलं होतं. ताई तिथे दोन्हीकडून बंद झाली होती, पाटीकडूनही आणि माझ्याकडूनही. बस म्हणजे मला बसायला सांगितलं की पुरे म्हणाली, हे आता मी कोणाला विचारू?

२२ ऑगस्ट

अहवाल पूर्ण केला. प्रत्येक आवाजापुढे तीन रकाने असतात. यंत्राने काय ऐकलं, कानाने काय ऐकलं, आणि चूक कोणाची. तेरा जुलैच्या आवाजांपुढे पहिल्या रकान्यात पाटीच्या कच्च्या ऐकण्यातलं ‘ने’ लिहिलं. दुसऱ्यात ‘दे’. तिसऱ्यात ‘कान’.

पेन्सिलने ताडून पाहिलं आणि विचारलं, हे नक्की ना? कानाचं खरं धरायचं असतं. मी म्हटलं, नक्की. त्याने सही केली.

पण ते नक्की नाही. त्याला सांगितलं नाही, इथे लिहिते. माझा कान तिखट आहे. त्या सकाळी ताईने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी खिडकीशी उभी होते, पाटी माझ्यासमोर नव्हती, आणि मला ‘ने’च ऐकू आलं होतं. मी वळले आणि तिला विचारलं, पाणी देऊ का?